अद्रकाची बीअर बिघडते तेव्हा आधी पाणी तपासा: नळ, बोअर, आरओ की कॅन?

लक्षणं

- चार-पाच दिवस रोज साखर आणि किसलेलं अद्रक घालूनही जिंजर बग (अद्रक, साखर आणि पाण्याचं विरजण, ज्यानं बीअर फसफसते) मुकाच. एक बुडबुडा नाही, अद्रक तळाशी बसलेलं.
- फेस भरपूर, पण झाकण उघडलं की दवाखान्यासारखा वास. चवीला औषधी कडवटपणा, साखरेनं न झाकला जाणारा.
- फसफसतं, पण आंबट होतच नाही. चव सपक, किंचित खडूची, आणि आठवड्याच्या आत वर बुरशी.
- मिश्रण चिकट झालेलं. चमचा उचलला की तार सुटते.
- पहिल्या एक-दोन खेपा उत्तम, पुढे प्रत्येक खेपेला दम कमी.
- फेस, आंबटपणा सगळं जागेवर, पण शेवटी जिभेवर खारटपणा उरतो.

माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांनी तोवर सगळं बदलून पाहिलेलं असतं. साखर बदलली, बरणी बदलली, अद्रक नागपूरच्या गोकुळपेठेऐवजी कॉटन मार्केटमधून आणलं. पाणी मात्र तेच ठेवलेलं असतं, कारण ते ‘चांगलं’ आहे, टीडीएस मीटरवर १२० दाखवतं. माझा खरा वाद या मीटरशी आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज आकड्यात दाखवतो. पाण्यात क्लोरीन आहे का, आम्ल पचवून टाकणारे बायकार्बोनेट किती आहेत, जंतू किती आहेत, यातलं काहीच तो सांगत नाही. आणि अद्रकाची बीअर बिघडते ती बहुतेक वेळा याच तिन्हींमुळे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी जिंजर बीअरबद्दल लिहितोय, माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, बीअरबद्दल नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवता येत नाही. आपलं पेय बाटलीत एक-दोन दिवस फसफसवून लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं शीतपेय आहे. यीस्ट आहे म्हणजे थोडा अल्कोहोल तयार होणारच, म्हणून ते जास्त दिवस बाहेर ठेवू नका आणि लहान मुलांना देऊ नका.

तपासणी १: दोष पाण्याचाच आहे ना? (खर्च शून्य)

पाण्यावर आळ घेण्याआधी अद्रक बघा. जंगली यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू अद्रकाच्या सालीवर असतात. साल काढून टाकली, किंवा गुळगुळीत घासून-धुऊन पॅक केलेलं अद्रक वापरलं, तर विरजण उठणार कशाच्या जिवावर? मातकट, गाठाळ, सालीसकट अद्रक घ्या आणि नुसतं खळबळून धुवा. दुसरी गोष्ट तापमान. २२ ते ३० अंशांत विरजण खुशीत असतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना ओट्यावरची बरणी ३८-४० अंशांना सहज पोचते. तिथे यीस्ट थकतं आणि नको ते जिवाणू पुढे जातात. बरणी कूलरच्या खोलीत, जमिनीवर, ओल्या फडक्यात ठेवा.

आता खरी परीक्षा. एकाच अद्रकाचे, एकाच दिवशी, तीन छोट्या बरण्यांत तीन बग लावा. पहिलीत तुमचं नेहमीचं पाणी. दुसरीत तेच पाणी, पण पंधरा मिनिटं उकळून, पूर्ण गार करून, तळाचा गाळ मागे ठेवून वरचं ओतून घेतलेलं. तिसरीत आयएसआय खूण असलेल्या सीलबंद बाटलीचं पाणी. प्रत्येकीत एक कप पाणी, दोन चमचे साखर, दोन चमचे किसलेलं अद्रक. रोज एकेक चमचा साखर-अद्रक वाढवा आणि दिवसातून दोनदा ढवळा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उत्तर समोर असतं. तिन्ही मुक्या असतील तर पाणी निर्दोष, अद्रक किंवा तापमान बघा. उकळलेली चालली आणि कच्ची नाही, तर संशय क्लोरीनवर, आणि बोअर असेल तर तात्पुरत्या जडपणावर. फक्त बाटलीची चालली तर तुमच्या पाण्यात उकळूनही न जाणारं काहीतरी आहे. पहिली चालली पण चिकट झाली, तर थेट टाकीकडे जा. ही परीक्षा न करता कुणी महागडं फिल्टर घ्यायला निघालं की मी थांबवतोच, कारण तीन बरण्या जे सांगतात ते फिल्टर विकणारा सांगणार नाही.

तपासणी २: क्लोरीन (खर्च जवळपास शून्य)

नागपूरला मुख्यतः पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं पाणी शुद्ध होऊन येतं, थोडा भाग गोरेवाड्याचा. शुद्धीकरणाच्या शेवटी क्लोरीन घालतात आणि ते नळाच्या तोंडापर्यंत थोडं उरलं पाहिजे अशी अपेक्षा असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, हे उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलं आहे. ते तिथे असायलाच हवं, आपल्या पोटाच्या भल्यासाठी आहे. पण जे रसायन जंतू मारायला घातलं, ते आपण हौसेनं पाळत असलेल्या यीस्टला आणि लॅक्टिक जिवाणूंना वेगळं काढत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की डोस वाढतो. जूनपर्यंत छान उठणारं विरजण जुलैत बसलं, तर पहिला संशय याच्यावर घ्या.

दवाखान्याचा वासही इथूनच येतो. अद्रकात आणि यीस्टच्या कामातून तयार होणाऱ्या द्रवात फिनॉल जातीची द्रव्यं असतात. क्लोरीन त्यांना चिकटलं की क्लोरोफिनॉल बनतात आणि ते अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतात. एकदा बनले की ना उकळून जातात, ना ठेवून. तो घाणा ओतून द्या, संत्र्याचा रस घालून वाचवायचा प्रयत्न करू नका.

तपासायचं कसं? नळाला पाणी आल्या-आल्या काचेचा ग्लास अर्धा भरा, तळहातानं झाका, हलवा आणि हुंगा. वास आला तर आहे. नाही आला तरी असू शकतं, म्हणून ओटी किट वापरा: नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ते पाणी तोंडात घालू नका, मोरीत ओता आणि हात धुवा, कारण ऑर्थोटोलिडीन विषारी आहे.

उपाय स्वस्त आहेत. रुंद तोंडाच्या गंजात पाणी भरून वर पातळ फडकं बांधून चोवीस तास ठेवा. मोकळं क्लोरीन उडून जातं. कळशीत किंवा बाटलीत ठेवलं तर तेवढ्या वेळात जात नाही, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग लहान. घाई असेल तर दहा-पंधरा मिनिटं उकळा. विनास्वादाच्या व्हिटॅमिन सी पावडरची बोटाच्या चिमटीत मावेल त्याहून कमी मात्रा दहा लिटरला पुरते आणि काम लगेच होतं. क्लोरीनचा अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन बनलेलं असेल तर ते नुसतं ठेवून जात नाही, व्हिटॅमिन सी मात्र त्यावरही चालतं. चघळायच्या संत्रा-चवीच्या गोळ्या वापरू नका, त्यात साखर आणि रंग असतो. घरात कार्बन फिल्टर असेल तर उत्तम, पण त्याची कांडी वेळेवर बदललेली असली पाहिजे. जुनी झालेली कांडी क्लोरीन अडवत नाही, उलट स्वतःच जंतूंचं घर होते.

तपासणी ३: टाकी (खर्च एका सकाळच्या कष्टाचा)

नळाचं थेट पाणी आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. टाकीत क्लोरीन उडून जातं, त्यामुळे विरजण उठतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण काळ्या टाकीत, उन्हाळ्यात हात पोळेल अशा पाण्यात, आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. त्यातले काही जिवाणू साखर मिळाली की लांबलचक साखळ्या विणतात, आणि चमच्याला सुटणारी तार म्हणजे त्याच साखळ्या.

टाकीत उतरू नका. हात आत घालून पाण्याच्या पातळीलगतच्या भिंतीवर बोट फिरवा. बुळबुळ लागली तर टाकी रिकामी करून घासून धुवा, झाकण घट्ट बसतंय का बघा. तोवर बीअरसाठी पाणी पहाटे थेट नळावरून भरा आणि वरीलप्रमाणे क्लोरीन काढा. चिकट झालेल्या विरजणाचा भाग पुढच्या खेपेला वापरू नका. बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवा.

तपासणी ४: जडपणा आणि अल्कलिनिटी (खर्च एका किटचा)

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडच्या ले-आउटमध्ये बरीच घरं बोअरवर आहेत, आणि सर्वांत जास्त वेळ माझा इथेच जातो. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलं आहे: पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस. खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन वर येतं. शेजारशेजारच्या दोन प्लॉटच्या बोअरचं पाणीही वेगळं निघू शकतं, म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टवर जाऊ नका.

स्वयंपाकघर आधीच इशारा देत असतं. तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त मागते. साबणाला फेस येत नाही. पाणी तापवायच्या गंजाच्या तळाला पांढरा थर बसतो. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट: उकळताना बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुना खाली बसतो. एवढा जडपणा तात्पुरता, म्हणजे उकळून जाणारा. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातला जडपणा उकळून जात नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या बीअरला त्रास कॅल्शियमचा नाही, बायकार्बोनेटचा आहे. लॅक्टिक जिवाणू आम्ल तयार करतात, त्यानं पीएच खाली येतो आणि त्या आंबटपणामुळेच घातक जंतू दूर राहतात. बायकार्बोनेट भरपूर असेल तर तयार झालेलं आम्ल तिथेच मरतं. यीस्ट फेस देत राहतं, पेय आंबट होत नाही आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणून ‘फेस आहे पण आंबट नाही’ हे लक्षण मी सर्वांत गंभीर धरतो.

इथे पीएच पट्टी कच्च्या पाण्यात बुडवून उपयोग नाही. पाणी ७.५ दाखवेल, पण ते खाली आणायला किती आम्ल लागेल, म्हणजेच अल्कलिनिटी किती आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं केएच किट आणा. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. आठ थेंबांत रंग बदलला तर साधारण १४४. माझ्या अनुभवात १५० पर्यंत काळजी नाही, २५० च्या पुढे विरजण अडखळतं. मानकात पिण्यासाठी स्वीकार्य मर्यादा २०० ची आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे प्यायला चालणारं पाणी बीअरला चालेलच असं नाही.

उपाय सोप्यापासून. आधी उकळा, गार करा, गाळ मागे ठेवून वरचं पाणी घ्या आणि पुन्हा किट लावा. पुष्कळदा आकडा निम्म्यावर येतो. तरी जास्त असेल तर आरओच्या पाण्यात मिसळा. हिशेब सरळ आहे: बोअर ४०० आणि आरओ २० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ म्हणजे ११५. हे मिश्रण मला सर्वांत आवडतं, क्षारही मिळतात आणि आम्लही टिकतं. तिसरा उपाय लिंबू. गोड अद्रक-पाण्यात रस थोडा थोडा घाला आणि पट्टी ५ च्या खाली जाईपर्यंत बघत राहा. नंतर, बग तयार होताना, पीएच ४.५ च्या खाली आलाच पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो वरच असेल तर ते विरजण टाकून द्या, चव कितीही बरी लागो.

मोठ्या स्कीममध्ये बोअरवर सॉफ्टनर बसवलेला असतो आणि तिथले लोक सांगतात, ‘आमचं पाणी सॉफ्ट आहे’. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेट जिथल्या तिथे राहतं. साबणाला फेस येतो, नळावर डाग पडत नाहीत, पण बीअरची अडचण सुटत नाही, वर जिभेवर खारटपणा येतो. अशा घरी सॉफ्टनरच्या आधीचा नळ शोधा, किंवा आरओचं पाणी घ्या.

याच जागी कुणीतरी परदेशी बीअरचे तक्ते वाचून जिप्सम आणि एप्सम सॉल्ट आणतं. प्लझेनचं अतिशय मऊ पाणी आणि तिथे १८४२ मध्ये जन्मलेली फिकट पिल्सनर, बर्टनचं जिप्समयुक्त पाणी आणि तिथली कडवट पेल एल, डब्लिनचं बायकार्बोनेटचं पाणी आणि काळ्या भाजलेल्या धान्याची स्टाउट, हे सगळं खरं आहे आणि वाचायला सुंदर आहे. पण तिथे पाण्याचा सामना माल्टशी असतो. माल्टमधल्या एन्झाइमना ५.२ ते ५.६ च्या दरम्यानचा पीएच लागतो, त्यासाठी कॅल्शियमचा हिशेब करतात. आपल्याकडे माल्ट नाही, एन्झाइमचं काम नाही, साखर तयार मिळते. क्षार वाढवू नका.

तपासणी ५: आरओचं पाणी

पहिल्या खेपा छान आणि पुढे दम कमी, हे आरओच्या घरचं ठरलेलं लक्षण. सुरुवातीला अद्रकाबरोबर आलेल्या खनिजांवर यीस्ट चालतं. रोज नुसती पांढरी साखर आणि क्षार काढलेलं पाणी मिळत राहिलं की हळूहळू उपाशी पडतं. साखर म्हणजे इंधन. पेशी वाढवायला मॅग्नेशियम, पोटॅशियम, नायट्रोजन लागतो.

साखरेचा चौथा हिस्सा गूळ करा. गडद, रसायनविरहित गूळ घ्या, कारण पिवळाधमक दिसावा म्हणून घातलेल्या हायड्रोसचा अंश यीस्टला दाबतो. किंवा बरणीत चार मनुका टाका. किंवा वर सांगितल्याप्रमाणे नळाचं क्लोरीन काढलेलं पाणी चौथा हिस्सा मिसळा. टीडीएस मीटर खरा उपयोगी पडतो तो इथे: आरओच्या नळाचा आकडा आधी ३० असायचा आणि आता १५० झाला तर मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) गेलं समजा.

कॅन आणि टँकर

थंड पाण्याच्या कॅनवर सील आणि आयएस १४५४३ चा उल्लेख नसेल तर तो बीअरला वापरू नका. आत काय आहे आणि कॅन कधी धुतला, कळायला मार्ग नाही. टँकरचा स्रोत दर खेपेला बदलू शकतो, म्हणून तीन बरण्यांची परीक्षाही तिथे टिकत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नळाचं पाणी पिवळट, फेसाळ किंवा गटाराच्या वासाचं आलं तर बीअर विसरा आणि ते पाणी पिऊही नका. पाइपलाइनमध्ये सांडपाणी शिरल्याची ती खूण असू शकते. महापालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे त्याच दिवशी तक्रार करा, शेजाऱ्यांनाही सांगा. फक्त तुमच्याच घरी असं येत असेल तर प्लंबर बोलवा.

बाटली दगडासारखी टणक झाली असेल तर उघडू नका. संत्र्याच्या हंगामात, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराचा गोड रस घालून ऊन तापायला लागलेल्या दिवसांत बाटल्या भरल्या की हे हमखास होतं. जाड फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, पूर्ण गार झाल्यावर तोंडापासून दूर धरून थोडं थोडं सैल करा. फेसाची पहिली चाचणी नेहमी प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत करा, दाबून कळतं. काच फुटते तेव्हा डोळे जातात.

बरणीवर काळी, हिरवी किंवा गुलाबी वाढ दिसली तर वरची काढून खालचं वापरू नका, सगळं टाका. आरओचं मेम्ब्रेन गेलंय असं वाटलं तर तंत्रज्ञ बोलवा, स्वतः खोलू नका. मोठी किंवा जमिनीखालची टाकी धुवायला अनुभवी माणसंच बोलवा, बंद टाकीत जीव गुदमरतो.

बोअरच्या बाबतीत घरगुती किटला मर्यादा आहे. नायट्रेट आणि फ्लोराइड दिसत नाहीत, वासात नाहीत, चवीत नाहीत आणि उकळून जात नाहीत. पाणी आटतं तशी त्यांची तीव्रता उलट वाढते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. बोअरच्या आसपास शोषखड्डा, गोठा किंवा शेत असेल, पाण्याची चव अचानक बदलली असेल, किंवा मीटर हजाराच्या वर दाखवत असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना द्या. अल्कलिनिटी, एकूण जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण सांगणारे जिवाणू), एवढं नाव घेऊन मागा. नुसतं ‘पाणी तपासून द्या’ म्हटलं तर बीअरला लागणारी अल्कलिनिटीच वगळली जाऊ शकते. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवून मग भरा, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका आणि बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा.